टाकीपुढचं गाऱ्हाणं

बाबा, इथे आखातात, बुसैतीनमधल्या लॉन्ड्रीची ती जुनी टाकी अखेर निघाली. तुकडे करून, एकेक पत्रा मागच्या दारातून बाहेर काढून, ट्रकमधून सित्र्याच्या भंगारात गेली. मी तिथे नव्हतो. काम दुसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली झालं आणि ते बरंच झालं. तुम्ही हे जग सोडून गेलात त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुमच्याबद्दल बोललो मात्र पुष्कळ. इथल्या मराठी लोकांच्या प्रत्येक कार्यक्रमात, हॉल भाड्याने घेतलेला असो की कुणाच्या अरादच्या घराची गच्ची असो, माझ्या हातात माईक आला की तुम्ही यायचातच. वाफेने भरलेल्या टाक्यांत उतरणारा माझा बाप, पाटी-पेन्सिल सुटली तरी माणसाच्या जिवाची किंमत कधी न विसरलेला माझा बाप. लोक डोळे पुसायचे. मला ते पाहून समाधान वाटायचं. आज ते समाधान आठवलं की मान वर होत नाही.

तुम्हाला माहीत आहे, मला बोलायला आवडतं. शाळेत होतो तेव्हापासून आवडतं. तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा मी पडवीत उभा राहून कपाटातल्या पुस्तकांतलं काहीतरी पाठ म्हणून दाखवायचो आणि तुम्ही विडी विझवून ऐकायचात. पुढे मी खूप वाचलं. कामगारांच्या लढ्यांवर वाचलं, कायदे वाचले, कुठल्या कारखान्यात कुणाचे हात तुटले आणि मालकाने कागदावर काय लिहिलं हे वाचलं. त्या वाचनातून माझं एक वाक्य तयार झालं. "अपघात होत नाहीत, अपघात केले जातात, आणि मग ते मेलेल्याच्या किंवा मोडलेल्याच्या नावावर लिहिले जातात." वीस वर्षं हे वाक्य मी भाषणांत म्हणत आलो आहे. मनापासून म्हणत आलो आहे, अजूनही ते खरंच आहे असं मानतो. म्हणून तर पुढचं लिहिणं कठीण जातं आहे.

आधी सित्र्याच्या कामगार-कॅम्पमधलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. मी नुकताच आलो होतो, अंगावर नव्या नोकरीचा नवा शर्ट. आठ माणसांत दोन शेगड्या. तुम्ही बांगड्याचं तिखलं करताय, त्रिफळं गावाहून आलेल्या डब्यातून मोजून पाच टाकताय. वेंगुर्ल्याकडचे काका शेजारी बसून कांदा चिरताहेत. तेव्हा ते तुमच्या हाताखाली होते, तुमच्याहून बरेच लहान. काका मला म्हणतात, "उद्या येतंस मां टाकीर? तुझ्या बापाशीचा गाऱ्हाणा ऐक. देवापेक्षा आमकाच घाम फुटता." मला वाटलं, गावात जत्रेला घालतात तसं काही असेल. नारळ हातात घेऊन देवाला लांबलचक विनवणी, आणि जमलेल्या सगळ्यांचं एका सुरात "व्हय म्हाराजा!" मला ते लहानपणापासून फार आवडायचं. माईकशिवायचं भाषणच ते.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तुमचं गाऱ्हाणं वेगळंच. बेकरीच्या भट्टीची डिझेलची टाकी होती. अगरबत्ती नाही, दिवा नाही, टाकीजवळ ठिणगी नको म्हणून नारळसुद्धा फाटकाबाहेर फोडून आलेलात. पहिला माणूस आत उतरायच्या क्षणी तुम्ही हात जोडलेत आणि विचारायला लागलात. "वॉल बंद झालो?" ज्याने डिझेलचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, फिरवून बंद केला होता तो एकटा म्हणाला, "व्हय म्हाराजा." "पायप सुटलो, तोंडाक पत्रो लागलो?" दुसरा म्हणाला, "व्हय म्हाराजा." "गाळ निघालो?" "वारो चालू आसा?" "मीटर लावलो, आताच्या आता?" प्रत्येकाला एकच माणूस उत्तर द्यायचा, ज्याने ते काम स्वतःच्या हाताने केलं तोच. बाकीच्यांनी तोंड मिटून राहायचं. एकदा कुणीतरी उगाच दुसऱ्याच्या प्रश्नाला हो म्हणाला तर तुम्ही सगळं गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू केलंत. सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ फक्त शेवटची. "ह्या माणसाक जसो आत धाडतंय तसो भायर दी रे म्हाराजा." तेव्हा कुठे सगळे एकदम, "व्हय म्हाराजा!"

त्याच दिवशी मी तुमच्याकडून बोलणी खाल्ली. कंपनीचा साहेब घाई करत होता आणि मी तिथेच उभा राहून त्याला कामगारांच्या हक्कांवर असं काही सुनावलं की माणसांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही वाजवल्या नाहीत. एक बादली उलटी केलीत, टाकीच्या तोंडाशी ठेवलीत आणि म्हणालात, "बस हंय. टाकीक टाळये ऐकाक येनत नाय." मग तासभर मला हवेतला प्राणवायू आणि डिझेलची वाफ मोजणारा मीटर धरून बसवलंत. वरची हवा, मधली हवा, तळाची हवा, दर दहा मिनिटांनी आकडा वहीत. मी चिडलो होतो. मी म्हणालो, टाकी तर धुऊन कोरडी केली आहे, आहे काय तिच्यात? तुम्ही म्हणालात, "टाकी रिकामी दिसता, पण रिकामी नसता. लोखांड गंजता तेव्हा हवा खाता. खपल्येच्या खाली डिझेल लपता. उन वाढला की परत बाहेर येता." एवढंच. पुढे सुरक्षेचे कोर्स केले, प्रमाणपत्रं घेतली, टाक्यांच्या कामाचा सुपरवायझर झालो, पण हे याहून सोपं करून मला कुणी सांगितलं नाही. गावी कायमचे परत जाताना तुम्ही मला मीटरसाठी ताडपत्रीची पिशवी शिवून दिलीत, खांद्याला अडकवायच्या पट्ट्यासकट. दाभणाचे टाके वाकडे होते. त्यानंतर मीटर तीन बदलले, पिशवी तीच आहे.

आता ती लॉन्ड्री. मागच्या खोलीत, जमिनीच्या खाली चार पायऱ्या उतरून ती टाकी. बॉयलर आता विजेवर चालतो, त्यामुळे डिझेलची टाकी नुसती गंजत पडलेली. पुढे नवी भिंत बांधल्यामुळे अख्खी उचलून काढणं शक्य नव्हतं. आत माणूस उतरवून, आगीशिवाय, हातकरवतीने आणि हवेवर चालणाऱ्या करवतीने कापायची होती. सकाळी सगळं नीट झालं, बाबा. खरंच नीट झालं. उरलेलं डिझेल पिंपांत उपसलं, पाइप सोडवून तोंडं बंद केली, गाळ काढला, दोनदा धुतली, पंखा लावून हवा खेळवली. अकराच्या सुमाराला मी मीटर लावला, आकडे उत्तम. मग जेवणाची वेळ झाली आणि शेजारच्या घरातली बाई लॉन्ड्रीच्या मॅनेजरकडे तक्रार घेऊन आली, अंगणात डिझेलचा वास येतो म्हणून. मॅनेजर म्हणाला, जेवण होईपर्यंत पंखा बंद ठेवा, मग लावा. मी हो म्हणालो. नंतर लावायचाच होता.

जेवणानंतर गाऱ्हाणं. तुम्ही गावी परतल्यापासून ते माझ्याकडे आहे आणि मी ते वाढवत नेलं आहे. त्यात समुद्र आला, घरदार सोडून आलेल्या माणसांचा घाम आला, पूर्वज आले, श्रमाची प्रतिष्ठा आली. लोकांना ते इतकं आवडतं की इतर कंपन्यांतली माणसंही ऐकायला थांबतात. त्या दिवशी आमच्या ड्रायव्हरने फाटकाशी उभं राहून मोबाइलवर चित्रण केलं. मी हात जोडले आणि आवाज लावला. एकेक वाक्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणत होते, चढत्या सुरात. तुमचे प्रश्नही माझ्या गाऱ्हाण्यात आहेत, पण ते आता भाषणाचा शेवट झाले आहेत. वॉल, पायप, गाळ, एकामागून एक, आणि प्रत्येकाला सहा जणांचा एकच गजर. वारो चालू आसा? व्हय म्हाराजा! मीटर लावलो? व्हय म्हाराजा! पंखा बंद होता. मीटर तुमच्या पिशवीत होता आणि पिशवी माझ्या खांद्याला होती.

उतरायचं होतं ते काकांना. साठीला आले आहेत, पण टाकीत त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. पट्टा आणि दोरी त्यांनी आपणहून बांधली, तुम्ही लावलेल्या सवयीने. तोंडाशी आल्यावर थांबले आणि हळूच म्हणाले, "रे, जेवल्यार मीटर लावलंस मां?" मी गाऱ्हाण्याच्या धुंदीत होतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काका, देवाला हो सांगितलंत, आता मला विचारताय? बाबांच्या वेळची भीती अजून गेली नाही वाटतं." माणसं हसली. काकाही हसले. "यल्ला, चला," मी म्हणालो. "उतरतंय," ते म्हणाले आणि उतरले.

करवतीचा आवाज दोन मिनिटं आला. मग थांबला. मोबाइल खिशात टाकून आता दोरी धरलेल्या ड्रायव्हरने हाक मारली, उत्तर नाही. पुढचं सांगण्यासारखं नाही. पट्टा होता म्हणून वर आले. ओठ निळे पडलेले, चेहरा टाकीच्या पत्र्यासारखा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांच्या तोंडाशी तोंड लावून श्वास देत होतो, आणि मधल्या एका क्षणी माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला सांगतो. मनात आलं, आता कागदावर काय लिहायचं.

काका वाचले. पाच दिवस हॉस्पिटलात होते. छातीत घरघर उरली आहे, उजवा हात थरथरतो, चहाचा कप धरताना बशी वाजते. अहवाल मी लिहिला. तो लिहायचं काम माझंच असतं. इंग्रजीत एक वाक्य आहे, तुम्हाला मराठीत सांगतो. "कामगार अंतिम तपासणीपूर्वी, परवानगीशिवाय, स्वतःच्या जबाबदारीवर टाकीत उतरला." बाबा, ज्या वाक्यावर मी वीस वर्षं तुटून पडलो, तेच वाक्य मी स्वतः टाइप केलं, आणि चांगलं जमलं. एकही शब्द इकडेतिकडे नाही. कंपनीच्या वरच्या मॅनेजरने वाचून मान हलवली. कंपनीने ठरवलं, नियम मोडला म्हणून व्हिसा रद्द, माणूस गावी परत. सत्तावीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या पानावर तेवढाच शेरा. मी स्वतःला समजावलं, काकांना आता काम होणारच नाही, ते जाणारच आहेत. माझी मुलगी मात्र बारावीत आहे, माझी नोकरी गेली तर तिची शाळा अर्ध्यात सुटेल. असं समजावणं मला फार चांगलं येतं.

अहवालावर काकांची सही हवी होती. त्यांना इंग्रजी येत नाही. मी हॉस्पिटलात त्यांच्या खाटेशेजारी बसलो आणि मालवणीत वाचून दाखवलं, तुम्ही पत्र वाचून दाखवायचात तसं, एकेक ओळ. ते वाक्य आलं तेव्हा मी ते सोडून पुढच्या ओळीवर गेलो. काकांनी सही केली.

मग ड्रायव्हरची ती चित्रफीत फिरायला लागली. त्याने शेवट कापून टाकला होता, फक्त गाऱ्हाणं ठेवलं होतं. आखातात राहून आपली भाषा अशी जपणारा माणूस, असं लोक लिहीत होते. पुण्याहून, गोव्याहून, कुठून कुठून फोन येत होते. घरी मुलीने फोनवरून मान वर न करता म्हटलं, "बाबा, यू आर फेमस." आणि त्याच आठवड्यात कॅम्पवरची माणसं मला सांगायला आली की शुक्रवारी काकांचं विमान आहे, गुरुवारी चार वाजता निरोपाचा चहा आहे, आणि बोलायचं मी. "काकांनीच सांगितलं," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी मी सित्र्याला गेलो. काका त्याच खोलीत राहतात, तुमच्या खाटेच्या जागी आता कपाट आहे. बॅग बांधत होते. मुलांसाठी दूध पावडरचे डबे, कुणाला तरी टॉर्च. मी म्हणालो, "काका, त्या कागदात एक ओळ होती. मी वाचली नाही." त्यांनी टॉर्च बॅगेत नीट बसवला. म्हणाले, "माका ठावक होता." मी म्हणालो, कसं? "वाचताना तू मधी थांबलंस. तू बोलताना कधी थांबतंस रे? शाळेत असल्यापासून नाय थांबलंस, तुझो बापूस सांगायचो." मी विचारलं, मग सही का केलीत? त्यांनी दूध पावडरचा एक डबा बॅगेत ठेवला. मग म्हणाले, "तुझा चेडू बारावीक आसा मां? आणि मी म्हटलंय, बापाशीचो झील आसा, येतलो कधीतरी सांगाक. फक्त शुक्रवाराच्या आधी ये, इतक्याच मनात होता."

मी तिथून उठलो तो थेट ऑफिसात गेलो. वरचा मॅनेजर म्हणाला, झालं ते झालं, फाइल बंद, तुम्ही कशाला उघडता? नेहमीचा मी असतो तर त्याला अर्धा तास ऐकवलं असतं. त्या दिवशी मी तिथेच लिहिलेला नवा कागद पुढे ठेवला. पंखा बंद होता. दुसऱ्यांदा हवा तपासण्याचं काम माझं होतं, मी ते केलं नाही. कामगाराने विचारलं, मी त्याला गप्प केलं आणि उतरायला सांगितलं. त्याखाली माझी सही. त्याने दोनदा वाचलं. निर्णय होईपर्यंत घरी बसा, म्हणाला. पण काकांच्या कागदावरचा शेरा काढायला तो तयार झाला. ते सेवा पूर्ण करून गेले असं आता लिहिलं आहे.

गुरुवारी कॅम्पच्या जेवणघरात चाळीसेक माणसं होती. खुर्चीवर काका, गळ्यात हार, हातात बशी वाजणारा कप. मी उभा राहिलो तशी माणसं सरसावून बसली, दोघांनी मोबाइल वर केले. मी खिशातून त्या नव्या कागदाची प्रत काढली आणि मराठीत वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही न सोडता. वाचून झाल्यावर टाळी पडली नाही. मोबाइल खाली गेले होते. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. काकांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "खलास?" मी म्हणालो, "खलास, काका." ते म्हणाले, "तुझा भाषण पयल्यांदाच पाच मिनटात संपला." तेव्हा लोक हसले, आणि मला रडू आलं. शुक्रवारी विमानतळावर सोडायला मी गेलो. आत जाताना त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा ओढून पाहिला, टाके धरतात का ते.

तर आता मी घरी बसलो आहे. ऑफिसातून अजून काही कळलेलं नाही. मुलीला सगळं सांगितलं. तिने इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, आजोबांना काय वाटलं असतं, आणि ते तुम्हालाच विचारावं म्हणून हे लिहायला बसलो. हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही. तुमच्या पिशवीत, मीटरच्या मागे घडी करून ठेवेन.

एक गोष्ट मात्र नव्या अहवालातही नाही आणि काकांनाही सांगितलेली नाही. मीटरच्या प्रश्नाला सगळ्यांनी मिळून हो म्हटलं, असं मी वर लिहिलं आहे आणि लोकही तसंच मानतात. पण ती चित्रफीत माझ्याकडे आहे. मी ती आज दुपारी कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकली. इतर प्रश्नांना सहा जण हो म्हणतात. त्या एका प्रश्नाला माणसं क्षणभर अडखळतात, बाबा. कुणीच बोलत नाही. आणि मग "व्हय म्हाराजा" असा जो पहिला मोठा आवाज येतो, ज्याच्या मागून बाकीचे येतात, तो माझा आहे.